रफी अहमद किडवाई

स्वातंत्र्याच्या प्रारंभी आपल्या देशात विमानाने पत्र धाडावयाचे, तर जादा आकार द्यावा लागे. सामान्य माणसाचे पत्र आगगाडीनेच प्रवास करी. ही स्थिती पालटण्याचे श्रेय रफी अहमद किडवाई यांना आहे.

रफीसाहेबांचा जन्म १८९४ साली उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात, मसौली या गावी झाला. त्यांचे उच्च शिक्षण अलीगढ येथे झाले. महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली, तेव्हा ते चळवळीत सामील झाले व त्यांनी कारावास पत्करला. पुढे ते पंडित मोतीलाल नेहरूंचे चिटणीस होते.

१९४७ साली ते स्वतंत्र भारताचे दळणवळणमंत्री झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ही शहरे एकमेकांपासून फार दूर. त्यांना थेट जोडावयाचे, तर सहा निरनिराळे मार्ग हवेत. तेवढी विमाने कोठून आणावी? उपाय नकाशातच होता. या चार शहरांच्या मध्यभागी नागपूर आहे!

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमानटपाल सुरू झाली. चारही शहरांतून एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई. मग प्रत्येक विमान उरलेल्या तीन शहरांची पत्रे घेऊन सकाळपर्यंत आपल्या ठिकाणी परते. सहा मार्गांचे काम चार मार्गांवर भागले. मात्र एका विमानास उशीर झाला, तर इतरांचाही खोळंबा होई. अशा केंद्राला आज विमान कंपन्या ‘हब’ म्हणतात.

हे साहस निर्धोक नव्हते. रात्रीच्या उड्डाणासाठी लागणारी साधने पुरेशी नाहीत, म्हणून जे. आर. डी. टाटा यांच्यासारख्या जाणकाराने योजनेला विरोध केला. ही चिंता वैमानिकांच्या व प्रवाशांच्या जिवाची होती. ती अनाठायी नव्हती. तरीही रफीसाहेब योजनेवर ठाम राहिले. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली.

१९५२ साली ते अन्नमंत्री झाले आणि त्या पदावर असतानाच २४ ऑक्टोबर १९५४ रोजी निवर्तले. गरजूंना सढळ हाताने देणाऱ्या या मंत्र्याच्या मागे संपत्ती नव्हे, तर कर्ज उरले. पुढे रात्रीची ती सेवाही बंद झाली. पण गरिबाच्या पत्राला त्यांनी दिलेले पंख कायम राहिले.