गिटार, ट्रंपेट आणि अण्णा चितळकर

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ट्रंपेट आणि क्लॅरिनेट ही वाद्ये प्रथम ओळखीची होतात ती लग्नाच्या वरातीत. याच वाद्यांना गिटारच्या जोडीने हिंदी चित्रपटगीतांत मानाचे स्थान देणाऱ्यांत एक मराठी गृहस्थ अग्रभागी होते : रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांब्यास झाला. पुण्यात विनायकबुवा पटवर्धन आणि आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ते गाणे शिकले. पाया असा रागदारीचा. नट होण्याच्या ओढीने चित्रपटात शिरलेले अण्णा मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये हार्मोनियम वाजवू लागले आणि भगवानदादांच्या 'सुखी जीवन' (१९४२) या चित्रपटापासून हिंदीत संगीतकार झाले.

'शहनाई' (१९४७) मध्ये त्यांनी गिटार, हार्मोनिका आणि शीळ एकत्र नांदविली. 'अलबेला' (१९५१) मध्ये बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी सारी मंडळी आली. या कामी त्यांना मोलाची साथ लाभली ती गोव्यातील हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांची. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझ वाजविणारे हे ट्रंपेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध होते. १९६७ साली ते वारले.

अण्णांवर परकी चाल उचलल्याचा आक्षेप येतो. 'समाधी' (१९५०) मधील एका गाण्यापुरता तो खराही आहे. पण नुसत्या उसनवारीवर जगणाऱ्याच्या हातून 'अनारकली' (१९५३) मधील भीमपलास आणि बागेश्री उतरली नसती. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायिलेले, कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांवरील गीतही अण्णांचेच. 'घरकुल' (१९७०) या मराठी चित्रपटात त्यांनी अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द स्वरबद्ध केले. ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले.

मला वाटते, कलेत उसने घेणे हा दोष नव्हे. घेतलेले आपल्या मातीत रुजविता आले पाहिजे. अण्णांना ते साधले. मात्र तबकडीवर संगीतकाराचे नाव राहिले आणि त्यामागे फुंकणारे गोमंतकीय वादक बहुधा अनामच राहिले. त्या ऋणाचा उल्लेख केल्याशिवाय अण्णांचे चरित्र पूर्ण होत नाही, असे माझे नम्र मत आहे.