विश्लेषण : प्रांतांचा पैसा खरोखर प्रांतांचा होता का? डॉ. आंबेडकरांच्या प्रबंधात काय आहे?

सरकारी हिशेबात प्रांताच्या नावापुढे रक्कम छापली, म्हणजे ती प्रांताची झाली का? राज्यघटनेचे शिल्पकार होण्याच्या कितीतरी आधी, अर्थशास्त्राचे विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न हाती घेतला होता.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला. प्रस्तावना कोलंबियातील गुरू प्रा. सेलिग्मन यांची, अर्पणपत्रिका सयाजीरावांना.

प्रबंधाचे म्हणणे काय?

१८३३ च्या सनदी कायद्याने आर्थिक अधिकार कलकत्त्यात एकवटले. महसूल प्रांतांनी गोळा करायचा, खर्चही त्यांनीच करायचा, मंजुरी मात्र गव्हर्नर जनरलची. वाचवलेला पैसा हाती राहणार नसेल, तर काटकसर कोण करील? साहजिकच जो अधिक आरडाओरडा करी, त्याच्या पदरात अधिक पडे.

१८५७ नंतर तूट वाढली. १८७१ पासून लॉर्ड मेयो यांनी पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. १८७७ पासून काही महसूल नेमून दिला, १८८२ पासून काही वाटून घेतला. हिशेबात प्रांतांचा वेगळा रकाना दिसू लागला.

आंबेडकर या रकान्याला भुलले नाहीत. महसूल कायद्याने हिंदुस्थान सरकारचाच होता. नवा कर लावायला किंवा कर्ज काढायला वरची परवानगी लागे. प्रांतांचे अंदाजपत्रक हा मुख्य अंदाजपत्रकाचाच भाग होता. थोडक्यात, कामाची वाटणी झाली होती, मालकीची नाही.

१९१९ च्या कायद्यानंतर उत्पन्नाच्या बाबी वेगळ्या झाल्या. पण केंद्राची तूट भरायला प्रांतांवरच ९८३ लाख रुपयांची वर्गणी बसली. त्यात मद्रासचा वाटा ३४८ लाख, तर मुंबईचा अवघा ५६ लाख!

पुढे ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेत राज्यांना स्वतंत्र संचित निधी (अनुच्छेद २६६) आणि स्वतःचा अर्थसंकल्प (अनुच्छेद २०२) मिळाला. करवाटपाची शिफारस करायला वित्त आयोग आला (अनुच्छेद २८०). पहिला आयोग नोव्हेंबर १९५१ मध्ये नेमला गेला. त्याच्या दोनच महिने आधी आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता.