आनंदीच्या आधीची यमुना

मैत्रिणींनो, आनंदीबाई जोशी म्हटलं की अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली नऊवारीतली मुलगी डोळ्यांसमोर येते. मी कल्याणची. मला मात्र तिच्याआधीची यमुना जास्त आठवते.

यमुना कल्याणच्या जोशांची लेक. जन्म ३१ मार्च १८६५चा. १८७४ साली, नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयानं कितीतरी मोठा. यमुनेची आनंदी झाली. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दहाची मुलगी बिनलग्नाची राहिली, तर आईबापांच्या जिवाला घोर!

गोपाळरावांना बायकोला शिकवायचा ध्यास होता. त्यापायी ते तिच्यावर हातही उगारत, हे तिच्या पत्रांतूनच कळतं. चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली आणि मुलगा दहा दिवसांत गेला. तेव्हाचा कायदा काय सांगत होता? १८६०च्या दंडसंहितेनं नवऱ्याला अटकाव केला होता, तो बायको दहा वर्षांच्या आतली असेल तरच. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं आनंदी मोठीच होती.

त्या बाळाच्या जाण्यानं तिला डॉक्टरकीची वाट दाखवली. पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायला बायका लाजतात, हे तिनं ओळखलं होतं. १८८३मध्ये ती नवऱ्याशिवाय बोटीनं निघाली. फिलाडेल्फियात ११ मार्च १८८६ला डॉक्टर झाली. प्रबंधाचा विषय होता बाळंतपणाचा! कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली, पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती गेली, तेव्हा बावीसही पूर्ण नव्हते.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाई लहानपणीचं लग्न नाकारून कोर्टात झगडत होत्या. त्यावरून मोठी खळबळ माजली. १८९१मध्ये दहाची मर्यादा बारा झाली. लग्नाचंच वय ठरवायला १९२९चा सारडा कायदा यावा लागला. त्यात मुलीला चौदा. अठरा झालं १९७८मध्ये. आनंदी गेल्यावर तब्बल ९१ वर्षांनी!

तरी अजून शाळकरी मुलींची लग्नं गुपचूप उरकली जातात. २००६च्या कायद्यानं लावून देणाऱ्यांनाही शिक्षा आहे. असं काही कानावर आलं, तर १०९८ला फोन करा. गावात ग्रामसेवकाला कळवा, अंगणवाडीताईला सांगा. आनंदीबाईंचं कौतुक करतोच आपण. पण यमुनेसाठी तेव्हा कुणी बोललं नव्हतं, तेवढं तरी आपण बोलूया.