लिओ फेंडर : ज्याला गिटार वाजवता येत नव्हती, त्यानंच बेस गिटार आणि तिचा अँप छोट्या स्टेजपर्यंत पोचवला

बारामतीहून नीरेकडे निघालात की वाटेत पणदरे लागतं. ऊस, कालवा आणि लग्नसराईत रस्त्याकडेला एखादा तरी मांडव. मांडवाच्या कोपऱ्यात चार-पाच पोरांचा ताफा. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बँजो, ढोलकी.

अशा ताफ्यातल्या एखाद्याला एक दिवस वाटतं की आपल्या आवाजाला खालून भरीवपणा नाही. तबल्यातून डग्गा काढून घेतला तर ठेका चालू राहतो, पण पोटात काही लागत नाही. तसंच. मग तो मोबाईलवर बेस गिटार शोधायला लागतो. सोबत अँप लागतो म्हणे. तो किती वॅटचा? किती इंची स्पीकरचा? आणि मोटारसायकलवर मागं धरून नेता येईल का?

प्रश्न साधे आहेत. पण त्यांची उत्तरं पहिल्यांदा ज्या माणसानं शोधली, त्याची गोष्ट साधी नाही. कारण त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. त्याचं नाव लिओ फेंडर.

संत्र्याच्या बागेतला पोरगा

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९. गाव अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसपासून साधारण ४० किलोमीटरवर, अनाहाइम आणि फुलर्टनच्या मधलं. आपल्याकडं जसा ऊस, तशी तिकडं संत्री. आई-वडिलांची बाग होती.

आठ वर्षांचा असताना लिओच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि तिथं काचेचा बसवला गेला.

पोराला नाद लागला तो विजेच्या वस्तूंचा. त्याच्या एका नातेवाईकाचं गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. लिओ तेरा वर्षांचा असताना त्या नातेवाईकानं त्याला जुन्या रेडिओचे सुटे भाग आणि बॅटऱ्या पेटीत भरून पाठवल्या. पुढं तो त्यांच्याकडं गेला, तेव्हा त्यांनी स्वतः बनवलेला रेडिओ दुकानासमोर वाजत होता. लहानशा डब्यातून एवढा मोठा आवाज निघतो, हे त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. शाळेत असतानाच तो घरच्या घरी रेडिओ दुरुस्त करायला लागला.

शिक्षण मात्र त्यानं हिशेबाचं घेतलं. कॉलेज संपल्यावर बर्फाच्या कंपनीत माल पोचवायचं आणि मग हिशेब लिहायचं काम केलं. त्याच काळात एका बँडवाल्यानं त्याला नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाऊडस्पीकरची यंत्रणा बनवायला सांगितली. त्यानं असे सहा संच बनवून दिले.

पुढं मंदी आली, नोकरी गेली. १९३८ साली लिओनं ६०० डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनमध्ये दुकान टाकलं. नाव होतं फेंडर रेडिओ सर्व्हिस.

दुरुस्तीच्या टेबलावर कळलेली गोष्ट

दुकानात रेडिओ यायचे, ग्रामोफोन यायचे. हळूहळू गिटारवाले आपले बिघडलेले अँप घेऊन यायला लागले. लिओ ते उघडायचा आणि बघायचा की नेमकं काय तुटतं, कुठली जोडणी सुटते, प्रवासात कुठला भाग हादरे खातो.

गिऱ्हाईकही वाढत होतं. ओक्लाहोमा, टेक्सासकडून पोटासाठी आलेली माणसं कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि कारखान्यांत काम करत होती. आठवड्याच्या शेवटी त्यांना नाच-गाणं हवं असायचं. हॉल मोठे, गर्दीचा गोंगाट मोठा आणि वाजवणारे थोडे.

दुसऱ्या महायुद्धात एका डोळ्यामुळं लिओला सैन्यात जावं लागलं नाही. दुकान चालू राहिलं. १९४५ मध्ये त्यानं डॉक कॉफमन या वादक-कारागिराबरोबर के अँड एफ नावानं मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटार आणि अँप बनवायला सुरुवात केली. धंद्यातल्या कर्जाची भीती वाटून कॉफमन १९४६ मध्ये बाहेर पडला. लिओ मागं हटला नाही. फेंडर हे नाव अँपवर लागलं ते तेव्हापासून.

१९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हा गिटार वाजवणारा तरुण त्याच्याकडं कामाला आला. १९५० च्या सुमारास दोघांनी सपाट, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तीच पुढं टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. यात लिओनं एक गोष्ट केली, जी दुरुस्तीवालाच करू शकतो. गिटारची दांडी डिंकानं चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी बसवली. दांडी वाकली, तुटली तर स्क्रू काढा आणि दुसरी लावा.

स्टेजवरचा सगळ्यात दुर्लक्षित माणूस

आता मुद्द्यावर येऊ. त्या काळात बँडमधला खालचा सूर सांभाळायचा डबल बेस. दिसायला व्हायोलिनसारखं, पण जवळपास माणसाएवढं उंच वाद्य.

ते न्यायचं कसं? गाडीच्या टपावर बांधून. छोट्या स्टेजवर ते दोघांची जागा खायचं. आणि एवढं करून ऐकू कुणाला यायचं नाही. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारपुढं बिचाऱ्याचा आवाज बुडून जायचा. माईक जवळ ठेवला की शिट्टी मारायचा. शिवाय त्या वाद्याच्या दांडीवर खुणा नसतात. बोट थोडं सरकलं की सूर बिघडला.

लिओ वाजवणाऱ्यांच्या या तक्रारी ऐकत होता. त्याच्या आधी कुणी प्रयत्न केलाच नव्हता, असं नाही. सिएटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच गिटारसारखी आडवी धरायची इलेक्ट्रिक बेस बनवली होती. पण ती फारशी खपली नाही.

१९५१ मध्ये लिओनं आपली बेस गिटार आणली. तारांची लांबी ३४ इंच. डबल बेसच्या तारा साधारण ४१-४२ इंच असतात, म्हणजे बरीच काटछाट केली, पण सूर तेवढाच खाली ठेवला. दांडीवर २० फ्रेट बसवले. सतारीला पडदे असतात तशाच या धातूच्या पट्ट्या. त्यामुळं बोट पट्टीमागं पडलं की सूर अचूक. म्हणून नाव दिलं प्रिसिजन बेस.

याचा अर्थ असा, की गिटार वाजवणारा कुणीही थोड्या सरावानं बेस वाजवू शकत होता. छोट्या बँडला वेगळा डबल बेसवाला परवडत नसेल तर दुसरा गिटारवाला ते काम करणार. कुणाची सोय झाली आणि कुणाच्या पोटावर पायही आला. डबल बेस वाजवणाऱ्या अनेकांना हे नवं वाद्य उचलावं लागलं, नाहीतर काम दुसऱ्याकडं जाणार होतं.

जाझवाल्या लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडमध्ये ही गिटार लवकर पोचली. तिथं मंक माँटगोमेरी ती वाजवायला लागला. पुढं डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत मूळचा डबल बेसवाला जेम्स जेमरसन याच प्रिसिजनवर वाजवत राहिला. आपल्याकडं आर. डी. बर्मन यांच्या वादकांमध्ये टोनी वाझ बेस गिटारवर असायचे. तुम्ही लहानपणापासून ऐकलेल्या कितीतरी हिंदी गाण्यांच्या खाली हे वाद्य चालू असतं, फक्त नाव ठाऊक नसतं.

गिटार झाली, पण आवाजाचं काय?

बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. तिच्यातून निघणारी आवाजाची लाट आठ मीटरपेक्षा लांब असते. एवढा खालचा सूर ऐकवायचा तर स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते. त्यात माणसाचा कान खालच्या सुरांना मुळातच कमी दाद देतो. म्हणून साध्या गिटारच्या छोट्या अँपमध्ये बेस लावून आवाज वाढवला की आधी तो फाटतो आणि मग स्पीकरच जातो.

लिओला हे ठाऊक होतं. म्हणून १९५२ मध्ये त्यानं बेससाठी वेगळा अँप आणला, बासमन. १५ इंची एकच स्पीकर, ताकद साधारण २६ वॅट. वर पकडायला मूठ. एका माणसानं उचलून नेता येईल अशी पेटी. काही वर्षांत त्यातच १० इंचाचे चार स्पीकर आले आणि ताकद वाढली.

गंमत बघा, हा अँप बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच जास्त आवडला. जोरात लावला की त्याचा आवाज जरा फाटायचा आणि गिटारला ते शोभायचं. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये जो पहिला मार्शल अँप बनला, त्याची आतली जोडणी जवळपास बासमनचीच होती.

कंपनी विकली, माणूस थांबला नाही

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटार आली, १९६० मध्ये बारीक दांडीची जाझ बेस. धंदा जोरात होता, पण लिओला सायनसच्या संसर्गानं वर्षानुवर्षं छळलं होतं. आपण फार दिवस काढत नाही, असं त्याला वाटायला लागलं. जानेवारी १९६५ मध्ये त्यानं कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली.

मग दुसरा डॉक्टर भेटला, त्यानं जबरदस्त औषधं दिली आणि लिओ चक्क बरा झाला. पण कंपनी गेली होती. स्वतःचंच नाव आता दुसऱ्याच्या मालावर छापलं जात होतं.

तो पुन्हा टेबलावर बसला. म्युझिक मॅन कंपनीसाठी १९७६ मध्ये त्यानं स्टिंगरे ही बेस आणली. तिच्या पोटातच बॅटरीवर चालणारं सर्किट होतं, त्यामुळं आवाजातली धार वादकाला जागेवरून वाढवता यायची. १९७९ मध्ये पत्नी एस्थर गेली. त्याच सुमारास जुना सोबती जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर त्यानं जी अँड एल ही तिसरी कंपनी काढली. शेवटच्या वर्षांत पार्किन्सननं हात थरथरायचे. तरी तो रोज कामावर जायचा. २१ मार्च १९९१ ला तो गेला. आदल्या दिवशीही तो कारखान्यात होता.

मग पणदऱ्यातल्या पोरानं काय घ्यावं?

लिओच्या आयुष्यातूनच याचं उत्तर निघतं.

पहिली बेस घेताना प्रिसिजन धाटणीची, चार तारांची, बॅटरी नसलेली घ्या. अनेक कंपन्या या घडणीच्या स्वस्त गिटार बनवतात. दोन-तीन बटणं आणि बिघडायला फार काही नाही. स्टिंगरेसारखी बॅटरीवाली घेतलीत तर एक बॅटरी कायम खिशात ठेवा, कारण ती संपली की बहुतेक अशा गिटारचा आवाज भर हळदीत बंद होतो. हात लहान असतील तर ३० इंची तारांची बेस मिळते. आणि विकत घेण्याआधी दुकानात पट्ट्यावर अडकवून पंधरा मिनिटं उभे राहा. गिटारचं वजन चार किलोच्या आसपास असतं आणि कार्यक्रम तीन तासांचा असतो.

अँपचं गणित वेगळं. घरी सरावाला २०-३० वॅट पुरतात. ड्रम किंवा ढोलकीबरोबर बंद हॉलमध्ये वाजवायचं तर निदान १०० वॅट, २०० असतील तर निवांत. पण वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. फरक थोडासाच पडतो. कानाला दुप्पट वाटायला जवळपास दहापट वॅट लागतात. त्यामुळं नुसत्या आकड्याला भुलू नका, स्पीकर १० किंवा १२ इंची आहे का ते बघा. जुने ट्यूबचे अँप जड असायचे. आताचे क्लास-डी अँप तेवढ्याच ताकदीचे असून एका हातात उचलतात.

उघड्या मैदानात मात्र कुठलाच छोटा अँप पुरणार नाही. तिथं अँपच्या मागं डीआय किंवा लाइन आउट आहे ना, एवढं बघा. त्यातून वायर थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला जाते आणि तुमचा अँप फक्त तुम्हाला ऐकू येण्यापुरता उरतो.

आणि जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय तारेला हात लावू नका. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तिथं गडबड असेल तर झटका थेट वाजवणाऱ्याला बसतो.

लिओ फेंडरला आयुष्यभर गिटार सुरातही लावता आली नाही, असं त्याच्याबरोबर काम केलेले सांगायचे. पण स्टेजच्या मागं उभ्या असलेल्या, कुणाला ऐकू न येणाऱ्या माणसाची अडचण त्यानं नीट ऐकली. खरेदीला जाताना तुम्हीही तेच करा. आधी आपल्या ताफ्यात काय कमी पडतंय ते ऐका, मग खिशात हात घाला.