बनारसचे नारळीकर सर

जयंत नारळीकरांचे नाव घरोघरी माहीत आहे. यंदाच्या गणेशोत्सवात आम्ही त्यांच्या वडिलांचे, प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर यांचे स्मरण करीत आहोत.

1908 साली कोल्हापुरात जन्मलेले तात्यासाहेब मुंबईहून केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी खगोलशास्त्राचे टायसन पदक मिळवले. मालवीयजींच्या बोलावण्यावरून 1932 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. आपल्या सयाजीराव महाराजांच्या देणगीतून उभे राहिलेले ग्रंथालय याच विद्यापीठात आहे.

सापेक्षतावाद जाणणारे तेव्हा देशात मोजकेच होते. 1942 साली प्रह्लाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण त्यांच्याकडे शिकायला आले. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे आधीचे गणित तारा प्रकाश टाकतो हे धरतच नव्हते. प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याचे गणित वैद्यांनी सरांच्या हाताखाली मांडले. आज ते वैद्य मेट्रिक म्हणून जगभर वापरले जाते. पुढे वैद्यांनी गुजरातेत गणिताचे अनेक विद्यार्थी घडवले.

1960 नंतर राजस्थान लोकसेवा आयोग आणि पुणे विद्यापीठात काम करून तात्यासाहेब 1991 साली निवर्तले. गुजरातेत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना या गुरुशिष्यांचा दुहेरी अभिमान वाटतो.