आकाशातल्या जहाजातून पडले म्हणून चौघांना दगडांनी ठेचणार होते, पण एक बिशप मध्ये पडला

गोष्ट आहे इ.स. ८१५ च्या आसपासची. फ्रान्समधलं लियॉन शहर. मोठा जमाव जमलाय आणि मधोमध साखळदंडांनी बांधलेले चौघं उभे आहेत. तीन पुरुष आणि एक बाई. त्यांचा गुन्हा काय? तर ते म्हणे ढगांतून जाणाऱ्या जहाजातून खाली पडलेत. शिक्षा काय? दगडांनी ठेचून मारायचं.

या चौघांचा जीव ज्याच्यामुळे वाचला, त्याचं नाव आगोबार्ड. आज युएफओचा इतिहास सांगताना हा किस्सा हमखास निघतो. पण किस्सा सांगणारे बरेच जण आगोबार्डनं नेमकं काय केलं, तेच विसरतात.

हा आगोबार्ड कोण?

आगोबार्डचा जन्म आठव्या शतकातला, बहुतेक स्पेनमधला. ७९२ मध्ये तो लियॉनला आला, ८०४ मध्ये धर्मगुरू झाला आणि ८१६ मध्ये थेट लियॉनचा आर्चबिशप. तेव्हा युरोपात आधी सम्राट शार्लमेनचं आणि नंतर त्याचा मुलगा लुई याचं राज्य होतं.

लियॉनच्या आसपास तेव्हा एक समजूत घट्ट होती. गारपीट आपोआप होत नाही, काही माणसं मंत्र घालून वादळ आणतात. मग मॅगोनिया नावाच्या देशातून ढगांवरून जहाजं येतात. गारांनी झोडपलेलं पीक त्या जहाजांत भरलं जातं आणि खलाशी वादळवाल्यांना त्याचे पैसे देऊन निघून जातात. गरीब असो की श्रीमंत, शहरातला असो की खेड्यातला, जवळपास सगळ्यांचा यावर विश्वास होता.

यात धंदाही होता. आम्ही वादळ अडवतो असं सांगणारे लोक शेतकऱ्यांकडून दरवर्षी धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचे. चर्चला द्यायचं टाळणारे शेतकरी यांना मात्र न मागता द्यायचे. आगोबार्डच्या रागाला हेही एक कारण होतं.

त्यानं फॅक्ट चेक केलं

चौघांना समोर आणल्यावर आगोबार्डनं बराच वेळ वाद घातला. शेवटी आरोप करणारेच तोंडघशी पडले.

पुढे त्यानं गारपीट आणि गडगडाटावर एक ग्रंथच लिहिला. त्यातला बराचसा युक्तिवाद बायबलच्या आधारानं आहे, पण काही प्रश्न साधे व्यवहारातले आहेत. वादळ आणता येतं ना? मग दुष्काळात पेरणी खोळंबते, तेव्हा याच माणसांकडून पाऊस का मागवत नाही?

तो साक्षीदारही शोधायचा. एका माणसानं वादळ आणताना पाहिलंय असं कळलं, की तो त्याला गाठायचा. एकानं तर कोणी, कुठे, कधी वादळ आणलं, सगळं सांगितलं. पण खोदून विचारल्यावर कबूल केलं की तो स्वतः तिथे नव्हताच.

हे सगळं कशासाठी? कारण अफवेनं माणसं मरताना त्यानं पाहिली होती. काही वर्षांपूर्वी गुरांची साथ आली होती. तेव्हा इटलीतल्या बेनेव्हेंटोच्या ड्यूकनं विषारी पूड पसरायला माणसं पाठवल्याची बातमी उठली. कित्येकांना पकडलं, काहींना मारलं. बऱ्याच जणांना फळ्यांना बांधून नदीत फेकलं. पकडलेल्यांतल्या काहींनी तर गुन्हा कबूलही केला. आगोबार्डचा प्रश्न होता, ही पूड फक्त गुरांनाच कशी मारते? आणि एवढा मुलूख भरायचा तर बेनेव्हेंटोतली सगळी माणसं गाड्या भरभरून आणली तरी पुरतील का?

जहाज बदललं, गोष्ट तीच

१६०५ मध्ये पापीर मासाँ या अभ्यासकाला लियॉनमधल्या एका बुकबाइंडरकडे आगोबार्डचं हस्तलिखित सापडलं. ते फाडून पुठ्ठ्यात वापरलं जाणार होतं. ते वाचलं, म्हणून मॅगोनिया आपल्याला माहीत आहे.

१९६९ मध्ये युएफओ संशोधक जॅक व्हॅलीनं आपल्या पुस्तकाच्या नावातच मॅगोनिया घातलं. त्याचं म्हणणं असं की जुन्या लोककथा आणि आजच्या युएफओच्या गोष्टी एकाच साच्यातल्या आहेत. साम्य दिसतंच. नवव्या शतकात लोक जहाज ओळखत होते, म्हणून आकाशात जहाज आलं. १८९६-९७ मध्ये अमेरिकेत लोकांना गूढ एअरशिप दिसू लागल्या. १९४७ मध्ये केनेथ आर्नल्ड या पायलटनं नऊ वेगवान वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि पेपरांनी उडत्या तबकड्या हा शब्द रूढ केला. वाहन नेहमी त्या त्या काळातलं. त्यातले अनोळखी लोक कधी पीक नेतात, कधी गुरं, तर कधी माणसं.

फरक एवढाच की आगोबार्डला जहाज खरं आहे का, यापेक्षा समोरची चार माणसं मरणार का, हा प्रश्न मोठा वाटला.

पण तो हिरो होता का?

इथे गोष्ट अवघड होते. याच आगोबार्डनं लियॉनच्या ज्यूंविरुद्ध पत्रांमागून पत्रं लिहिली आणि सम्राट त्यांना संरक्षण देतो म्हणून तक्रारी केल्या. ढगांतल्या जहाजाचा पुरावा मागणाऱ्यानं शेजाऱ्यांबद्दलच्या स्वतःच्या द्वेषाला मात्र कधी पुरावा मागितला नाही.

८३३ मध्ये त्यानं सम्राट लुईविरुद्ध त्याचा मुलगा लोथार याची बाजू घेतली. लुई परत गादीवर आला आणि ८३५ मध्ये आगोबार्डचं पद गेलं. काही वर्षांनी ते परत मिळालं. ८४० मध्ये तो वारला.

त्या चौघांची नावं मात्र कुठेच नोंदलेली नाहीत. ते कोण होते, कुठून आले होते, सुटल्यावर कुठे गेले, काहीच लिहिलेलं नाही. बहुतेक ते परगावचे, कुणाच्याच ओळखीचे नसलेले लोक असावेत. जमावाला तेवढं पुरेसं असतं. तेव्हा पुढच्या वेळी असा काही मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी आगोबार्डचा प्रश्न विचारून बघा. हे सांगणारा स्वतः तिथे होता का?