जांबात्तिस्ता बोदोनी

जांबात्तिस्ता बोदोनी (१७४० – १८१३) हा इटालियन मुद्रक व टंकरचनाकार होता. उभी रेघ ठसठशीत आणि आडवी रेघ केसासारखी बारीक, असे रोमन अक्षराचे वळण त्याने पूर्णत्वास नेले. त्याच्या नावाचे सरळ व इटॅलिक टंक आजही मथळे, मुखपृष्ठे व जाहिराती यांसाठी वापरले जातात.

जीवन

बोदोनीचा जन्म पिडमाँटमधील सालुत्सो येथे एका मुद्रकाच्या घरी झाला. वडिलांच्या छापखान्यातच तो खिळे जुळवायला शिकला. १७५८ मध्ये तो रोमला गेला आणि कॅथलिक धर्मप्रसाराच्या ‘प्रोपागांदा फिदे’ या संस्थेच्या मुद्रणालयात जुळारी झाला. तेथे पौर्वात्य लिप्यांच्या ठशांशी त्याचा परिचय झाला. (देवनागरीविषयीचा ‘आल्फाबेतुम ब्राम्हानिकुम’ हा ग्रंथ याच मुद्रणालयाने १७७१ मध्ये छापला, तोवर बोदोनी तेथून बाहेर पडला होता.)

इंग्लंडमधील नामांकित मुद्रक जॉन बास्करव्हिल याच्याकडे जाण्यासाठी त्याने रोम सोडले. परंतु वाटेत आजारी पडल्याने तो घरी थांबला आणि इंग्लंडला जाणे कायमचेच राहिले. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याला आपल्या राजमुद्रणालयाचा प्रमुख नेमले. पुढची पंचेचाळीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तो पार्मातच राहिला.

टंकरचना

आरंभी बोदोनी फ्रेंच टंककार फूर्निये याचे खिळे वापरत असे आणि त्याच्या पहिल्या टंकांवरही फूर्नियेचीच छाप होती. हळूहळू त्याने नक्षीकाम कमी केले, समास रुंद केले आणि पानाचा सारा भार अक्षरांवर टाकला. जाड व बारीक रेघांतील अंतर वाढत गेले, सेरिफ सपाट व नाजूक झाले. इतकी बारीक रेघ कागदावर उमटण्यासाठी गुळगुळीत कागद, चांगली शाई आणि पोलादी ठसे कोरणारा निष्णात हात लागतो. पार्मात हे तिन्ही जुळून आले. इटॅलिक अक्षरांतही त्याने हाच विरोध राखला, त्यामुळे तिरपे वळण सरळ टंकाची खरी जोडी ठरले.

१८०६ मध्ये त्याने ख्रिस्ती प्रार्थना १५५ भाषांत छापली. त्याचा ‘मानुआले तिपोग्राफिको’ हा टंकसंग्रह मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १८१८ मध्ये, पत्नी मार्गेरिता हिने दोन खंडांत प्रसिद्ध केला.

टीका

बोदोनीचे ग्रंथ वाचण्यापेक्षा पाहण्यासाठी आहेत, हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. फ्रेंच मुद्रक दिदो याने त्याच्या ग्रंथांतील मुद्रणदोषांवर बोट ठेवले, तर विल्यम मॉरिसला ही अक्षरेच कुरूप वाटत. लहान आकारात बारीक रेघा नाहीशा होतात आणि ओळीत नुसते उभे दांडे दिसतात. स्वतः बोदोनीने प्रत्येक आकारासाठी निराळे ठसे कोरले होते आणि लहान आकारांत हा विरोध सौम्य ठेवला होता. एकच आराखडा लहानमोठा करून वापरणाऱ्या नंतरच्या अनेक आवृत्त्यांत ही काळजी राहिली नाही. म्हणून त्या मोठ्या मथळ्यातच शोभतात.

त्याचे हजारो मूळ ठसे पार्मा येथील बोदोनी संग्रहालयात जतन केलेले आहेत.